डाव्या अंगाचं दैवत

४ जानेवारी, मुरुड

आज पोचलो. आश्लेषा आणि सलिल स्टँडवर घ्यायला आले होते. पोरांनी पिशवी हातातून ओढूनच घेतली. लॉजची खोली झकास. नारळाच्या शेंड्यांवरून समुद्र दिसतो, टेबल डगमगत नाही, नळाला पाणी आहे.

दोघांच्या कॉलेजचा प्रकल्प आहे: पुराणांतल्या देवदेवतांचं स्त्रीपण-पुरुषपण, सगळं संगणकावर, कुणालाही शोधता येईल असं. अर्धनारीश्वर, मोहिनी, एक महिना पुरुष आणि एक महिना स्त्री होणारी इला, एवढं झालंय. आता किनाऱ्यावरची ग्रामदैवतं जोडायची आहेत आणि नोंदी तपासायला मी. शाळा दहावीपर्यंत, पण माणगावात डीटीपीचं दुकान चालवता चालवता संस्कृत माझं मी शिकलो. आल्या आल्या इलेच्या नोंदीतल्या चुका काढून दिल्या. सलिल म्हणाला, "देवव्रतकाका, तुम्ही माणूस आहात की सर्च इंजिन?" बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

६ जानेवारी

खाडीकडच्या वाडीतलं दैवत पाहिलं. कमरेएवढा पाषाण, त्यावर तेल-शेंदराचा जाड थर. चेहऱ्याच्या उजव्या अर्ध्याला रंगवलेली मिशी, डाव्याला नथ. उजवीकडे धोतर, डावीकडे लुगडं. उजव्या अंगाची पूजा गुरव धर्माजी करतो, डाव्या अंगाची त्याची बायको सोनूबाई. एकाचा हात दुसऱ्याच्या बाजूला कधी जात नाही. कपाळाचं गंधसुद्धा दोघं मिळून लावतात, अर्धं अर्धं.

शेंदराखाली काय कोरलंय, देव की देवी, असं विचारलं. धर्माजी हसला. "आमी कवा बघितला न्हाय. तुमाला कशाला पायजे?"

आश्लेषा म्हणते, तेवढा रकाना रिकामा ठेवू. रिकामा रकाना म्हणजे न केलेलं काम. मला पटलं नाही.

७ जानेवारी

पोरं आठवड्यासाठी पालीकडे गेली. दुपारी गुरव जेवायला घरी जातो, त्या वेळी देवळात एकटा गेलो. नथ उतरवली. डाव्या गालावरचं शेंदराचं कवच पातळ सुरीने सोडवलं. एकाच तुकड्यात निघालं, पाषाणाला ओरखडा नाही. पदवीवाल्या एकालाही हे जमलं नसतं. खाली कोरलेली दाढी, अगदी स्वच्छ. फोटो काढले. कवच होतं तसं बसवलं, नथ घातली.

नोंद केली: पुरुष.

९ जानेवारी

दाढी करताना डाव्या गालावर वस्तरा नुसताच फिरला. तिथे खुंटच नाहीत. उजवीकडे नेहमीसारखे. काल जास्त खरवडलं असेल.

बाजारात सोनूबाई भेटली. पदर सावरून वाकली आणि माझ्या पायाला हात लावला. फक्त डाव्या.

१० जानेवारी

डाव्या नाकपुडीला भोक आहे. ताजं नव्हे, लहानपणी टोचल्यासारखं जुनं. आरशात पाहिलं, मोबाइलमध्ये पाहिलं, खिडकीच्या काचेत पाहिलं.

देवळात गेलो. डाव्या गालाचं कवच खाली पडून फुटलेलं, नथ धुळीत. उजव्या अंगाला ताजी फुलं, डावीकडे नुसता दगड. सगळं कबूल केलं. नथ सोनूबाईपुढे धरली, म्हटलं पुन्हा घाला, काय प्रायश्चित्त असेल ते सांगा. ती रागावली नाही, हेच वाईट.

"बाय तिथं न्हाय आता," म्हणाली. "तुमी उठवलीत तिला. मंग ती बसंल कुठं? उठवनाऱ्याकडंच की."

मी पुरुष आहे हो बाई, म्हटलं.

"व्हय. ते पन ऱ्हाईल. उजवीकडं."

११ जानेवारी

नोंद काढून टाकायला सांगावी म्हणून आश्लेषाला फोन केला. म्हणाली, "काकू, काकांना द्या ना जरा." मीच बोलतोय, म्हटलं. खळखळून हसली. "काय काकू तुम्ही पण! द्या ना."

मग उजव्या हाताने मेसेज टाइप केला. तिने नोंद काढली. "पण काका, दाढीचा फोटो होता. तुमचं बरोबरच होतं."

आरशात पाहिलं. नोंद निघूनही काही फरक नाही.

१२ जानेवारी

माणगावला परत जायला निघालो. उजवा पाय एसटीच्या पायरीवर. डावा उचललाच गेला नाही. कंडक्टर ओरडला, "ओ, चढताय का?" मग माझ्याकडे पाहून घाईने घंटी मारली. गाडी गेली.

रिक्षात बसलो. लॉज सांगितलं होतं. रिक्षावाल्याने न विचारता वाडीत आणलं. भाडं घेतलं नाही — हात जोडले.

१३ —

देवळात. उठता येत नाही. दगड बाहेर काढून भिंतीला लावलाय, त्याच्या जागी मी. उजवीकडे धर्माजी, डावीकडे सोनूबाई. तेल कोमट आहे. डाव्या डोळ्यावर थर आला —

कोळी जमलेत. गालांवर तांदळाचे ओले दाणे चिकटवलेत, दोन्हीकडे एकेक. कौल मागतात — वारा आहे, होड्या काढाव्या का? उजवा दाणा पडला तर काढायच्या. डावा पडला तर नाही.

मी हलणार नाही. श्वासही हळू. मी देवव्रत, माणगावचा, मी कुणाला काही सांगणार —

उजवा पडला. कोळ्यांची पोरं किनाऱ्याकडे धावली. बाया ओवाळतायत.

पण मी हललो नव्हतो. खरंच नव्हतो. अहो थांबवा त्यांना, तो कौल माझा नव्हे, तो —