साडेसहाशे मेगा आणि बाबांचं गाव

तीर्थस्वरूप दाजींना,

शिरसाष्टांग नमस्कार. (कंबरेनं गेल्या महिन्यापासून संप पुकारला आहे, तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं जमिनीला लागली तेवढ्यांवर समाधान मानावं.) तब्येत कशी आहे हे विचारायची रीत म्हणून विचारतो. खरं तर तुमची शुगर, तुमचा गुडघा आणि नव्या चष्म्याबद्दलची कुरकुर हे सगळं ताईकडून मला तुमच्याआधी कळतं. तुम्ही तिला कोपऱ्यावरच्या थांब्यापर्यंत सोडता आणि तिथूनच पाठ फिरवता, हेही गच्चीवरून दिसतं. आम्ही सगळे दिसत नसल्यासारखं करतो. तुमच्या हट्टाचा मान या घरात अजून राखला जातो.

पत्र लिहायला निमित्त असं, की आपलं जुनं भांडण एकदाचं निकालात निघालं. व्हिडिओ गेमचं कार्ट्रिज मोठं की डिस्क मोठी, याचा निकाल माझ्या धाकट्या लेकीनं लावला. जिन्याखालची खोली, म्हणजे आपलं गेम भाड्यानं द्यायचं दुकान, रंगवायला काढली, तेव्हा ती कपाट रिकामं करायला आली होती. प्रत्येक कार्ट्रिजच्या पाठीवर तुमची पांढरी चिकटपट्टी आणि तीवर लाल शाईत मेगाचा, म्हणजे आत किती माल मावतो त्याचा, आकडा अजून शाबूत आहे. जितके मेगा जास्त तितकं भाडं जास्त, हा तुमचा शोध. गिऱ्हाईक चार मेगाचं मागायला आलं की तुम्ही गल्ल्यावरून मान वर करून म्हणायचात, "चार कशाला? थोडं वर चढा, आठचं न्या." आणि तो बिचारा आठ घेऊन जायचा. आतला गेम रद्दी असायचा, पण मेगा भरपूर मिळाले म्हणून खुशीत जायचा. तुमच्यासारखा दुकानदार पुन्हा झाला नाही, हे मी तुमच्या पाठीमागे नेहमी कबूल करतो.

मग डिस्क आल्या. आपल्या दुकानातलं सगळ्यात दांडगं कार्ट्रिज चोवीस मेगाचं, आणि ही चकचकीत बया साडेसहाशेची! तुम्ही म्हणालात, सगळी कार्ट्रिज फुंकून टाका. मी म्हणालो, फुंकण्यापुरतं मान्य, टाकणार नाही. (फुंकल्याशिवाय ती चालायचीच नाहीत. आपल्या दोघांची निम्मी फुप्फुसं त्या खोलीत खर्ची पडली.) माझं म्हणणं साधं होतं, सत्तावीसपट जागा आहे म्हणून सत्तावीसपट मजा येते का? डिस्क सुरू होईपर्यंत ते 'थांबा, थांबा' लिहिलेल्या पडद्याकडे बघत गिऱ्हाईक म्हातारं व्हायचं. कार्ट्रिज मात्र खोचलं की सुरू. शब्दानं शब्द वाढला, तुम्ही 'या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही' म्हणून गेलात, रस्त्यापलीकडे डिस्कचं दुकान थाटलंत, आणि पुढं दोन्ही दुकानं लोकांच्या फोनमध्ये गडप झाली. देव न्यायी आहे, दोघांनाही सारखंच बुडवलं.

तर धाकटीनं त्या चिकटपट्ट्या बघितल्या आणि पोट धरून हसत सुटली. म्हणे कार्ट्रिजच्या खोक्यावरचे मेगा ते बिट, आणि डिस्कवरचे मेगा ते बाइट. आठ बिट मिळून एक बाइट. म्हणजे आपला चोवीस मेगाचा पहिलवान फक्त तीन मेगाचा निघाला. दाजी, आपण दोघांनी गजाला वीत लावून कापड विकलं! मी सत्तावीसपटीनं हरतोय अशा समजुतीनं तुमच्याशी इतकी वर्षं भांडलो, आणि प्रत्यक्षात दोनशेपटीहून जास्त हरत होतो. आधी कळलं असतं तरी मी भांडलोच असतो, पण आवाज जरा खाली ठेवला असता. (एवढ्यावर नाचू नका. ती असंही म्हणाली, की पुष्कळशा डिस्कमध्ये निम्मी गाणी आणि चित्रफितीच असायच्या, आणि काहींमध्ये तर नुसती रिकामी जागा. पिंपाएवढा डबा आणि तळाशी मूठभर दाणे. हे वाक्य चष्मा लावून पुन्हा वाचावं.)

आता मुद्द्यावर येतो. तुमच्या डिस्कला साडेसहाशे मेगाचं पोट होतं, पण लक्षात काही राहायचं नाही. खेळ जिथं सोडला ते ठेवायला वेगळं मेमरी कार्ड घ्यावं लागायचं. आमच्या काही कार्ट्रिजच्या पोटात बटणाएवढा गोल सेल असतो, त्याच्या जिवावर तेवढं लक्षात राहतं. ती जागा किती? आठ किलोबाइट. धाकटी म्हणते हे पत्र टाइप केलं तर त्यात मावणार नाही. बाबांचं गाव मात्र मावलंय. तो गाव वसवायचा गेम तुम्हीच त्यांना दिला होता, निवृत्तीनंतर घरात सारखे सूचना देत फिरायचे म्हणून. त्यांनी त्यात नदी, शाळा, पाण्याची टाकी बांधली आणि घरातल्या प्रत्येकाला एकेक घर दिलं. हल्ली त्यांना काही आठवत नाही, हे ताईनं सांगितलंच असेल. पण ताई हे सांगत नसेल, की सकाळी मी चहा घेऊन गेलो की ते परक्यासारखे बघतात, आणि मी म्हणतो, "मी निळ्या छपराचा." मग चेहरा खुलतो. "हां, धाकटा! शाळेजवळचा!" ताई लाल छपराची, टाकीशेजारची. आम्ही सगळे आता छपरांवर जगतो. सुरुवातीला मला याचं फार वाईट वाटायचं, आता सकाळची वाट बघतो.

गेल्या आठवड्यात त्यांनी गेम लावला तर पडदा कोरा. नुसतं 'नवीन गाव'. मी काढलं, फुंकलं, पुन्हा लावलं, तिसऱ्यांदा गाव आलं, पण मधल्या वेळात ते माझ्याकडे बघून "माझी माणसं कुठं गेली?" असं म्हणाले ते काही विसरता येत नाही. सेल संपत आलाय. जुना काढला की गाव गेलं, म्हणून आधी वायरनं दुसरा जोडायचा आणि मग पहिला सोडवायचा. मी सरावाला एक भंगार कार्ट्रिज घेतलं. त्याचा स्क्रू नेहमीच्या पेचकसाला दाद देईना, तेव्हा तुमच्या पद्धतीनं प्लास्टिकच्या पेनाचं टोक मेणबत्तीवर वितळवून, स्क्रूचा साचा उठावा म्हणून त्यावर दाबलं. पेन कायमचं चिकटलं. दुसरं उघडलं, तर सोल्डरिंगचा डाग सेलवर न बसता हिच्या टेबलक्लॉथवर बसला. (हिनं जे ऐकवलं ते आठ किलोबाइटमध्ये निश्चित मावलं नसतं.) बाबा हे सगळं खुर्चीतून बघत होते. म्हणाले, "याचे हात थरथरतात. जावयाला बोलवा." माझं नाव त्यांना आठवलं नव्हतं, पण तुमचे हात आठवले. मला राग आला आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदमच.

ताईला आणि भाच्यांना आशीर्वाद. (ताई मोठी आहे, तेव्हा तिला नमस्कार.)

तुमचा दोनशेपटीनं हरलेला,
मेहुणा

ता. क. सोल्डरिंगची बारीक बंदूक, तुमचा चिमटा आणि चष्मा घेऊन या. येताना थांब्यावर थांबू नका, पुढं चालत राहा. दार उघडंच असतं.

ता. क. २ : धाकटी आत्ताच मागून वाचून गेली आणि म्हणाली, खोटं लिहू नका. तिनं कसलंसं यंत्र आणून बाबांचं अख्खं गाव परवाच कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलंय, आता सेल गेला तरी गाव जायचं नाही. आणि डाग काय, समोरचा मोबाईल दुरुस्तीवाला बोलता बोलता देईल. तेव्हा तुमच्यावाचून काही अडलंय अशातला भाग नाही. तरी या.

ता. क. ३ : तुम्ही गेलात त्या आठवड्यात बाबांनी गावातल्या तुमच्या घराकडे जाणारा रस्ता उखडून टाकला होता. घर पाडलं नाही, पण जायला वाट ठेवली नाही. काल सकाळभर बसून त्यांनी तो परत बांधला. कशासाठी म्हणून विचारलं, तर मी अगदीच अडाणी असल्यासारखं माझ्याकडे बघून म्हणाले, "जावई यायचाय. रस्ता नको?"