वाढत्या अंगाचं माप

१० ऑगस्ट

ती. बाबांना सा. न. वि. वि.

मी ठीक आहे, जेवते, झोपते. ख्यालीखुशाली संपली, आता मुद्द्याचं. कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा फॉर्म तुम्ही परस्पर भरून पाठवलात, त्यात माझी उंची सहा फूट कुठून आणलीत? काल कोचबाईंनी पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलींसमोर मला भिंतीला टेकवून टेप लावली. पाच फूट दहा. पुन्हा लावली, तरी पाच दहाच. तुम्ही तर शिंपी आहात बाबा, टेप गळ्यात घालून जेवायला बसता!

शाळेतल्या कामगिरीबद्दल तर बोलायलाच नको. दोन वर्षं कर्णधार? मी एका सामन्यापुरती कर्णधार होते, तेही खऱ्या कर्णधाराचा पाय मुरगळला म्हणून. सामन्याला सरासरी अठरा गुण? नऊ, बाबा, नऊ! बाई म्हणाल्या, ज्यांनी फॉर्म भरला त्यांनीच वीस तारखेच्या आत खरं काय ते लिहून पाठवावं, नाहीतर संघातून नाव कमी. याच संघासाठी मी घर सोडून इथे आलेय. कृपा करून या वेळी काही वाढवू नका.

तुमची वैतागलेली,
शिडी

१४ ऑगस्ट

चि. शिडीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईने मोठ्याने वाचलं, दोनदा. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवतोय. वाढत्या अंगाचं माप कोणी नेमकं धरत नाही, शिवणीत आत दुमडून दोन इंच माया ठेवायचीच. फॉर्म भरताना हात सवयीने तसाच चालला. पत्ता भरताना बरा तसा नाही चालला, असं आई म्हणते.

सोबत बाईंसाठी खरं पत्र आहे. दुकानाच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं, तेव्हा मला सगळं ठाऊक आहे. शेवटच्या वर्षी नव्या उंच मुली आल्या आणि तू अकराच्या अकरा सामने बाकावर काढलेस, ते लिहिलं. तरी सरावाला एक दिवस चुकली नाहीस, ते लिहिलं. मोजे धुण्याच्या निमित्ताने नळ सोडून रडलीस, तेही लिहिलं. फॉर्ममध्ये याला रकानाच नव्हता गं. त्या रिकाम्या जागा मला बघवेनात, म्हणून कर्णधार लिहिलं. चुकलंच माझं.

तुझा,
बाबा

२२ ऑगस्ट

ती. बाबांना सा. न.

नळाचं कशाला लिहिलंत? बाईंनी पत्र सगळ्यांसमोर वाचलं. आता कोणीही नळ सोडला की सगळ्या माझ्याकडे बघतात!

वाचून झाल्यावर बाईंनी पत्र घडी करून रजिस्टरात ठेवलं आणि यादीत बाराव्या जागी माझं नाव लिहिलं. बारावी म्हणजे पुन्हा बाकच. पण मी संघात आहे, बाबा.

तुमच्या सहा फुटांच्या हिशोबाने संघाकडून आलेली हाफपँट पाठवतेय, गुडघ्याखाली लोंबते. नेमक्या मापाची करा. जास्तीचं कापड कापून टाका, म्हणजे पुन्हा मोह नको.

लोभ आहेच, तो जरा आवरावा.

शिडी

२६ ऑगस्ट

चि. शिडीस आशीर्वाद.

हाफपँट पाठवली आहे. पाच फूट दहाचीच आहे, आईने स्वतः टेप लावून तपासली. शनिवारच्या सामन्याला आम्ही दोघं येतोय, बाकाच्या मागेच बसू.

कापड मात्र कापवलं नाही. आत दुमडून कच्चा टाका घातला आहे. लागेल तेव्हा उसव.

बाबा