चहाच्या खोलीतले रिकामे हुक

मंगळवार, मे १९९२

आज जूडीने हुकावरचा तिचा मग काढून नेला. लष्करी तळावरच्या आमच्या दवाखान्यातली सगळ्यांत जाणती नर्स. सैन्य कमी करायचंय, म्हणून जो आपणहून नोकरी सोडून जाईल त्याला एकरकमी पैशांचं पॅकेज. जबरदस्ती कुणावरच नाही. मेजर म्हणतो, "बघ, सगळे हसत जातायत." खरंच हसतायत. एक्स-रे काढणारा ग्रॅहमही हसतच गेला, त्याला ऑकलंडात लगेच नोकरी मिळाली. जूडीलाही. पण मला काही अडलं की मी ज्यांना विचारायचो, नेमके त्यांचेच हुक रिकामे. असं कसं? निवड तर कुणी केलीच नाही.

जेवताना अनघाला सांगितलं, फार्मसीत मी मात्र आहे तिथेच आहे. वाटलं, बायकोला बरं वाटेल. आमटी वाढता वाढता तिने विचारलं, "तुला नाही का रे कुणी बाहेरून बोलावलं?" सहजच विचारलं.

मी म्हणालो, इथे माझी गरज आहे. म्हणजे, असेल. की तसं नाहीच? काही कळत नाही.

माझा मग अजून हुकावर आहे. आजूबाजूला इतकी जागा झालीय की आज तो दारातूनच दिसला.