फोटोखालची ओळ

धुळे,
१२ जानेवारी २०२५

आदरणीय हितेंद्र सरांना,
ललिताचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? इकडे थंडी मी म्हणतेय आणि कॉलेजात प्रात्यक्षिकांची घाई.

विभागाच्या पन्नाशीनिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेची कच्ची प्रत मिळाली. ‘भूगोल विषयाची वाटचाल’ हा तुमचा लेख लगेच वाचला. नद्या-शिखरांची नावं घोकण्यापासून उपग्रहाच्या नकाशांपर्यंत सगळं नीट आलंय. हवामानच माणसाचा स्वभाव ठरवतं, हे जुनं मत या विषयाने केव्हाच मोडीत काढलं, असं तुम्ही ठासून लिहिलंय. वर्गातही असंच ठासून सांगायचात. म्हणूनच समोरच्या पानावरचा फोटो पाहून मला किळस आली. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.

सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. अंगणात, गुडघ्यावर हात टाकून बसलेली बाई. खाली ओळ: ‘उष्ण हवामानामुळे आळसावलेला डोंगरी मानव.’

मानव! जणू उकरताना कवटी सापडलीय.

मी फोन केला, तर म्हणालात, "अगं, जुन्या अहवालातली ओळ आहे, तशीच आली. कोण वाचतंय? तू प्रकाशनाला जळगावला ये, दहा मिनिटं छान बोल."

सर, मी वाचली. वाचून भरल्या ताटावरून उठले.

ती बाई पहाटेपासून चुलीपुढे होती. गावाच्या पाहणीला आलेल्या तुमच्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या भाकरी तिने एकटीने थापल्या. "बठ्ठा जेवनात का?" तिने विचारलं. सगळे जेवले, असं तुम्ही म्हणालात, तेव्हा कुठे ती जरा टेकली. आणि तुम्ही कॅमेरा काढलात.

मला कसं ठाऊक? मी तिथेच होते, चौथीत. तुमचं होकायंत्र घेऊन अंगणभर फिरत होते. कुठेही वळलं तरी काटा उत्तरेलाच कसा जातो, याचं मला वेड लागलं. हाच विषय शिकायचा, हे तेव्हाच ठरलं.

ती माझी आई आहे, जमना. तिचं नाव तुम्ही विचारलं नव्हतं. पुढे तुमची विद्यार्थिनी झाले, तेव्हा मला वाटायचं, सरांना आठवत असेल.

ओळ खोडायची की नाही, ते तुम्ही ठरवा. प्रकाशनाला मी येते. आईही येतेय. तिला वाचता येत नाही. ओळ ठेवलीत, तर ते पान उघडून सगळ्यांदेखत ती तिला तुम्हीच वाचून दाखवायची. मग मी बोलेन.

तुमच्याकडेच भूगोल शिकलेली,
ललिता जमना पावरा