टेप जागच्या जागी

८ नोव्हेंबर, गुरुवार

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

मुकादम म्हातारपणाने गेला नाही, पडून गेला. आज दुपारी जनावरांच्या डॉक्टरांनी स्वतः दुकानात येऊन सांगितलं. मंगळवारी त्याचा जीव जायच्या जरा आधी काढलेला एक्स-रे त्यांनी काल नीट पाहिला. डाव्या अंगाच्या तीन फासळ्या मोडल्या होत्या, आत रक्त साचलं होतं. उंचावरून पडल्याशिवाय असं होत नाही आणि मार निदान एक दिवस आधीचा आहे, असं ते म्हणाले. मी तुझ्या छापखान्यात फोन करून वय झालं होतं म्हणून सांगितलं होतं, ते खोटं ठरलं.

तू रविवारी संध्याकाळच्या बसने गेलीस. सोमवारी सकाळी तो गोणपाटावरून उठला नाही. मला वाटलं, तू गेलीस म्हणून रुसलाय. म्हणजे सोमवारी पहाटे कधीतरी तो जिन्यावर चढला आणि पडला. चढला का, हेच मला कळत नाही. दोन वर्षं डोळे नव्हते, पण टेपच्या आवाजावर तो अंगणातून सरळ मागच्या दाराशी यायचा, कुठे ठेच नाही की धडक नाही. त्याच्यासाठी मी तो टेप स्टुलावरून बोटभरसुद्धा हलवला नाही. तेच एक व्हायोलिन दिवसभर. गिऱ्हाइकं विचारायची, दुसरी कॅसेट नाही का हो तुमच्याकडे. सोमवारीही टेप जागेवर चालू होता.

जिन्याचं दार उघडं राहिलं असणार. सोमवारी पहाटे वर कपडे वाळत घालायला तुझी वहिनीच गेली होती. ती म्हणते कडी लावली होती. मी तिला काही बोललो नाही. एकदाच बोललो.

चौदा वर्षं दुकानातली एकही खुर्ची त्या कुत्र्याने वास घेतल्याशिवाय बाहेर गेली नाही. आता कामाला देखरेख नाही. तू जपून राहा आणि आमच्यावरची माया कमी करू नकोस.

तुझा
दादा


१२ नोव्हेंबर, सोमवार

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. तेव्हापासून तीनदा उत्तर लिहायला बसले आणि उठले. काय लिहू? मी गेल्याच्या रविवारी त्याचे कान कुरवाळत होते आणि आता तो नाही, हे अजून खरं वाटत नाही.

वहिनीला बोल लावू नकोस. दार कुणाच्याही हातून उघडं राहतं. तिने तर त्याचं जेवण आपल्याआधी वाढलंय. एक विचारायचं होतं. डॉक्टरांनी दिवस नक्की सांगितला का? निदान एक दिवस म्हणजे सोमवारच, की त्याच्याआधीचाही असू शकतो? आता विचारून उपयोग नाही म्हणा. उगाच मनात आलं.

इकडे बरं चाललंय. शुक्रवारी एका वार्षिक अहवालाची आठ पानं माझ्या नजरेखालून उलटसुलट गेली आणि तशीच छापली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. फोरमन म्हणाले, घरी जा, झोप काढा.

टेप बंद करू नकोस. ते व्हायोलिन चालू असलं की घर घरासारखं वाटतं. दोघांनी वेळेवर जेवा. तुमच्या मनातली माझी जागा तशीच राहू दे.

तुझी
धाकटी


१६ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रिय धाकटे,
अ. आ.

दादाला न सांगता लिहितेय. पत्र वाचून झालं की ठेवून दे, उत्तरात याचा उल्लेख नको.

आमच्या घरात सध्या फक्त कामापुरतं बोलणं आहे. मी मशीनवर गाद्यांचे अभ्रे शिवते, तो चार हातांवर तोंडात खिळे धरून पट्टे ठोकतो. खिळे तोंडात असले की बोलायचं नसतं, हे त्याला आयतंच मिळालंय. आता तर जेवतानाही मला वाटतं की तोंडात खिळे आहेत. काल दोरा संपला म्हणून सांगितलं तर म्हणाला, संपतंच सगळं, लक्ष नसलं की. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मीही चार शब्द सुनावले असते आणि मोकळी झाले असते.

धाकटे, मी कडी लावली होती. पहिले दोन दिवस मला ते स्पष्ट आठवत होतं, बादली काखेत आणि उजव्या हाताने कडी. पण आठ दिवस तोच प्रश्न मनात घोळवून आता मला खात्री उरली नाही. कदाचित लावली नसेल. डोळ्यांसमोर येते ती आठवण शनिवारची असेल. काल मी त्याला म्हणाले, असेल माझीच चूक. वाटलं, तो नाही म्हणेल. तो नुसता हं म्हणाला.

टेप तू म्हणालीस तरी बंदच आहे. पत्र आलं त्या दिवशी त्याने कॅसेट काढून खिळ्यांच्या खणात टाकली. माझं मशीन इतकं मोठ्याने चालतं हे मला आत्ता कळलं.

तू त्याला एकदा लिही. माझी बाजू घे असं म्हणत नाही. मुकादम दोघांचा मिळून लाडका होता, एवढं त्याच्या लक्षात आणून दे. तुझं तो ऐकतो. आठवण ठेव.

तुझी
वहिनी


१९ नोव्हेंबर, सोमवार

ती. दादा आणि ती. सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र दोघांनी मिळून वाचा.

वहिनी, कडी तू लावलीच होतीस. दार उघडं राहिलं ते रविवारी, आणि माझ्या हातून.

तुम्ही दोघं वकिलांकडे सोफा पोचवायला गेलात. मुकादम जेवून गोणपाटावर घोरत होता. मला वरच्या माझ्या जुन्या खोलीत पडून ते व्हायोलिन ऐकावंसं वाटलं. दादा, तू पंधरा वर्षांचा असताना आपण रेडिओला टेप चिकटवून ते भरून घेतलं आणि मधेच मी शिंकले, तू मला आठवडाभर शिंके म्हणत होतास. ती शिंक ऐकायची आणि खाली यायचं, एवढंच ठरवलं होतं. टेप हलवायचा नाही हे मला माहीत होतं. अर्ध्या तासाने काय होतंय, असं वाटलं. दोन्ही हातांत टेप होता, म्हणून जिन्याचं दार पायाने लोटलं. ते लागलं नाही.

शिंक यायच्या आधीच माझा डोळा लागला. झोपेत धप्प असा आवाज आला. दुकानात एखादी फळी पडली असेल म्हणून मी कूस बदलली. दादा, मी कूस बदलली.

खाली आले तेव्हा तो गोणपाटावर होता. कसा पोचला असेल कोण जाणे. हाक मारली तर शेपूट एकदा हललं, पण तो उठला नाही. मला तेव्हाच विचित्र वाटायला हवं होतं. माझं लक्ष स्टुलावर होतं. धुळीत टेपच्या जागेचा चौकोन उमटला होता. तुझ्या लक्षात येऊ नये म्हणून मी टेप त्या चौकोनात कडेला कड जुळवून बसवला. दाराला कडी घातली. तुम्ही आलात, वहिनीने विचारलं की त्रास दिला का त्याने, आणि मी म्हणाले, दिवसभर झोपूनच होता.

तेव्हा पडल्याचं मला ठाऊक नव्हतं. पण टेप हलवल्याचं ठाऊक होतं. तेवढं जरी सांगितलं असतं तर सोमवारी सकाळी तो उठला नाही तेव्हा तू लगेच डॉक्टरांकडे नेला असतास. माझ्यामुळे त्याचा एक अख्खा दिवस गेला. तुझं पत्र वाचलं तेव्हा दुसऱ्या ओळीलाच मला सगळं कळलं होतं. तरी तुला दिवस कोणता म्हणून विचारलं आणि वहिनीला तुझ्यासमोर तशीच उभी ठेवली. पहिली चूक झोपेत झाली, ही जागेपणी केली.

रागावू नका असं लिहिणार नाही. लोभ मागायचं धाडस आज होत नाही.

धाकटी


२२ नोव्हेंबर, गुरुवार

चि. धाकटीस,
अ. आ.

पत्र मिळालं. मी वाचलं, मग तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. सध्या लिहायला काही नाही. सुचेल तेव्हा लिहीन. घाई करून येऊ नकोस.

दादा


२९ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिय धाकटे,
अ. आ.

त्या कार्डावर त्याने लोभाची ओळ लिहिली नाही, हे मी पाहिलं होतं. तूही पाहिलं असशील. म्हणून लिहितेय.

मलाही तुझा राग आला. दोन आठवडे मी स्वतःच्या हाताला दोष देत होते. तू पहिल्याच पत्रात लिहिलं असतंस तर बरं झालं असतं. एवढं सांगून झालं, आता पुढचं.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून तो मान खाली घालून काम करत होता. मंगळवारी दुपारी उठला, खणातून कॅसेट काढली, टेप उचलून तुझ्या खोलीत नेऊन ठेवला. मग अंगणात जाऊन कापडाच्या तुकड्याने डोळे बांधले आणि मला म्हणाला, वर जाऊन चालू करून ये आणि माझ्या मागे चाल, पण हात धरू नकोस. मी म्हटलं, हे काय पोरखेळ या वयात. तर म्हणाला, तो का चढला ते मला कळायला हवं.

दुकानातून आला, खुर्च्यांना अडखळला, जिना मात्र बरोबर सापडला. सात पायऱ्या चढला. जिना वळतो तिथे आवाज भिंतीवर आपटून परत येतो, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. तो उजवीकडे वळायच्या ऐवजी डावीकडे वळला, जिथे कठड्याच्या दोन पट्ट्या नाहीत. मी शर्ट धरून मागे ओढला. एक बटण गेलं.

डोळ्यांवरचं कापड काढून तो त्या फटीकडे बघत बसला. आपलं मोठं कपाट वर चढवताना त्यानेच त्या पट्ट्या काढल्या होत्या. दोन वर्षं झाली. मी दहादा सांगितलं असेल. दुसऱ्यांचं लाकूडकाम करतो आणि घरातलं राहतं. या वेळी तोच म्हणाला, दार उघडं असलं तरी कठडा धड असता तर तो वरपर्यंत पोचला असता, धाकटीच्या पायाशी जाऊन झोपला असता.

टेप वर वाजतच होता. आम्ही दोघं पायरीवर बसून ती बाजू पुरी ऐकली. तुझी शिंक आली तेव्हा तो म्हणाला, हिला कधी काय करावं ते लहानपणापासून कळलं नाही. हसला, आणि मग रडला. मुकादमाला पुरताना रडला नव्हता. नंतर माझ्याकडे न बघता म्हणाला की कडीचं मी उगाच धरून बसलो, तू तुझ्या मनातून ते काढून टाक. मी म्हटलं, काढायला वेळ लागेल. बरं म्हणाला.

तू जेवतेस ना नीट? काळजी घे, लिहीत राहा.

तुझी
वहिनी


२ डिसेंबर, रविवार

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझ्या वहिनीने तुला सगळं कळवलं आहे, असं ती आज म्हणाली. माझ्या पाठीमागे दोघींचा पत्रव्यवहार चालतो हे मला ठाऊक आहे. तिकिटं माझ्याच खणातून जातात.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. धुळीतल्या चौकोनाचं वाचताना दर वेळी राग येतो. बाकीचं समजू शकतो, झोप लागणं तर नक्कीच. पण कडेला कड जुळवून बसवलास ते डोळ्यांसमोरून जात नाही. मी कठड्याच्या त्या फटीसमोरून दोन वर्षं रोज ये-जा केली, तरी तुझ्यावरचा राग पुरता जात नाही. दोन्ही एकाच वेळी आहे. हे तुझ्यापासून लपवत नाही, कारण लपवण्यातून काय होतं ते या महिन्यात पाहिलं.

कॅसेट पुन्हा सुरू केली आहे. दोन वर्षं ती त्याच्यासाठी वाजत होती, मी नुसता बाजू बदलत होतो. आता ऐकतो. मधे ते व्हायोलिन खाली खाली उतरत जातं आणि थांबल्यासारखं होऊन पुन्हा उचलतं, तिथे माझी मान अजून अंगणाच्या दाराकडे वळते. कुणी येत नाही. पण ते उचलेपर्यंत हात थांबवून बसावंसं वाटतं, आणि उचललं की पुढचा खिळा सरळ बसतो. एवढा उपयोग होतो. तुझ्याकडे टेप आहे का? नसला तर इथे आलीस की ऐक.

कठड्यासाठी लाकूड कापून, घासून ठेवलं आहे. पट्ट्या लावायला एका टोकाला कुणीतरी घट्ट धरून उभं राहावं लागतं आणि तुझ्या वहिनीचा खांदा दुखतो. शनिवारी सुट्टी मिळत असेल तर सकाळच्या बसने ये. तुझी खोली झाडून ठेवू. शनिवारी मी फारसा बोलणार नाही, तेवढं चालवून घे. रविवारी बोलेन असं वाटतं.

लोभ गेलेला नाही. सध्या अबोल आहे.

तुझा
दादा