सुनेच्या नावचं पत्र

अक-जार, ४ मार्च

चि. उलकान हिस,
अ. आ.

तू माझी धाकटी बहीण, त्यात जिल्ह्याच्या दवाखान्यात नर्स, म्हणून तुलाच सुनावते. गोवराच्या लशीचं तिसरं पत्र काल आलं, पुन्हा सुनेच्या, मिर्गुलच्या नावानं! तुमच्या साहेबांच्या घरात सासू नाही का? इथे सून मला विचारल्याशिवाय शेजारी मीठ मागायला जात नाही, ती पोरीला घेऊन दवाखान्यात जाईल? त्यात आकडेच आकडे. मी चौथी शिकलेली. दिलं चुलीत. माझ्या नातीला, एलनुराला लस नको. शेजारच्या तुर्दुबुबूच्या थोरल्या नातीला सुईनंतर ताप भरला होता. आमची ठणठणीत आहे, भिंत धरून चालते.

तुझ्या नवऱ्याची पाठ कशी आहे?

तुझी रागावलेली,
बुरुलचा

नारिन, १२ मार्च

ती. थोरल्या बहिणीस, बुरुलचा एजेस,
शि. सा. न.

तुझं पत्र मी बैठकीत जसंच्या तसं वाचून दाखवलं. साहेब आधी लाल झाले, मग हसले, मग म्हणाले, एवढी पत्रं पाठवली, आणि घरात जिचा शब्द चालतो तिला एकही नाही! आता पत्रं आज्यांच्या नावानं निघतील. आकडे नाहीत, फक्त दिवस आणि वेळ.

ताप येतो ग एजे, दोन दिवसांत उतरतो. पण खालच्या गावात दोन पोरं गोवरानं पडली आहेत, त्यातल्या एकाला श्वास घेववत नाही. वाद घालत नाही. तू मला कधी जिंकू दिलंयस?

पाठ बरी आहे. माया असू दे.

तुझी उलकान

अक-जार, २९ मार्च

चि. उलकान हिस,
अ. आ.

बहीण आहेस की कोल्हीण? पोस्टमननं दुकानापुढे माझं नाव मोठ्यानं वाचलं. नातीची लस गुरुवारी दहा वाजता राखून ठेवली आहे म्हणे. सगळ्याच म्हाताऱ्यांच्या हातात तसलंच पत्र. तुर्दुबुबू म्हणाली, मी धाकटीला नेतेय, तू घाबरलीस वाटतं? मी म्हटलं, तुझ्या आधी पोचते बघ. तोंडातून गेलं ते गेलं.

पोचले, तिच्या आधी. एलनुरा एकदा किंचाळली, हातात तळलेला गोड बोरसोक दिल्यावर गप्प. संध्याकाळी अंग कोमट होतं, दुसऱ्या दिवशी उतरलं.

रडत होती ती मिर्गुल. म्हटलं, सुई तुला टोचली का ग? तर म्हणे, आपा, गोवराच्या भीतीनं मी रोज रात्री उठून हिचं अंग चाचपत होते. म्हटलं, मग बोलायचंस की! तीनदा बोलले होते, म्हणाली, चहा ओतताना.

मला एकदाही आठवत नाही ग, उलकान.

घरी सगळ्यांना आशीर्वाद. मोठ्या बहिणीवर जीव ठेव.

तुझी बुरुलचा