ठोकून घेतलेली फळी

देहरादून,
१२ जानेवारी १९८६

आदरणीय बाबा,
श्रावणचा जयभीम. आईलेही सांगा.

मी मजेत आहे. थंडी लय आहे, पण धाकट्या पुष्पानं विणलेला स्वेटर मी अंगातून काढतच नाही.

तुम्ही विचारलं होतं, चार मजली इमारत निव्वळ लाकडाची कशी उभी राहीन. आम्ही इथं पातळ फळ्या एकावर एक चिकटवून खांब अन् तुळया बनवून राहिलो. सिमेंट फक्त पायव्यात.

तुम्ही बैलबंडीसाठी लाकूड घ्यायच्या आधी ठोकून ऐकता ना, तशी मीही दर फळी ठोकून पाहिली. एक बद्द वाजली. इंजिनियर सायबाले सांगितलं, तर ते हसले अन् तीच फळी चिकटवली. परवा तुळईवर वजन चढवून पाहिलं. तुळई बरोबर त्याच फळीत तडकली.

सायबानं विचारलं, "किसने सिखाया?" मी म्हटलं, रामाकोन्याच्या भाऊराव मिस्त्रीनं, माझ्या बापानं. आता मी ठोकल्याशिवाय एकही फळी चिकटवत नाहीत.

बोटाले थोडं लागलं होतं, भरून आलं. आईले सांगू नका.

पुष्पा लिहिते, तुमाले आता कमी ऐकू येते. नागपूरले जाऊन कान दाखवून या, टाळू नका. अन् हे तिले मोठ्यानं वाचायला लावा: तुम्ही जन्मात कधी माडी चढले नाही, पण इथं चौथ्या मजल्यापर्यंत तुमच्याच कानानं पास केलेलं लाकूड लागून राहिलं.

तुमच्या हाताखालचा,
श्रावण